सुईची भीती आणि कॅप्सूलवरचा भरवसा

प्रश्न: वय ४७, बँकेत नोकरी, दिवसभर संगणकापुढे बसणं. वर्षभर मान आणि खांदे आखडतात, रात्री दोन-तीनदा जाग येते, सकाळी उठल्यावरही थकवा असतो. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. मैत्रीण अ‍ॅक्युपंक्चरचा आग्रह करतेय, सासूबाई म्हणतात मालिशवाली लावून घे. सुईची भीती वाटते म्हणून महिनाभरापूर्वी अश्वगंधा, हळद आणि गुळवेल यांच्या नैसर्गिक कॅप्सूल ऑनलाइन मागवून सुरू केल्या. यातलं काय चालू ठेवू आणि काय नको?

उत्तर: ताई, मी सोलापुरात फॅमिली डॉक्टर आहे आणि बरीच वर्षं दवाखान्यात अ‍ॅक्युपंक्चरही करते. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा क्रम हाच असतो. सुईला भ्यायचं, मालिश म्हणजे घरचंच म्हणून सोडून द्यायचं, आणि कॅप्सूल कुणालाही न विचारता सुरू करायची. मला काळजी वाटते ती याच्या बरोबर उलट्या क्रमाने. शिकलेल्या हाताने टोचलेली सुई वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेर निघते. मालिशचं तेल आंघोळीत धुऊन जातं. कॅप्सूल मात्र रोज यकृतातून जाते, तिथे तुमच्या रक्तदाबाच्या गोळीला भेटते, आणि काही बिघडलं तर ते दिसायला आठवडे लागतात.

म्हणून पहिली गोष्ट आजच करा. तिन्ही कॅप्सूल थांबवा. त्या बंद केल्याने काहीही नुकसान होत नाही. अंगाला खाज, मळमळ, जेवणावरची वासना जाणं, लघवी गडद पिवळी होणं, डोळ्यांत पिवळेपणा, यातलं काहीही गेल्या महिन्यात जाणवलं असेल तर उद्याच यकृताची रक्ततपासणी करून घ्या. काही जाणवलं नसलं तरी पुढच्या नेहमीच्या तपासणीत ती धरायला डॉक्टरांना सांगा.

दुसरी गोष्ट थकव्याची. सत्तेचाळिसाव्या वर्षी सततचा थकवा आणि तुटक झोप यांना ‘वय झालं’ किंवा ‘स्ट्रेस’ म्हणून सोडून देऊ नये. पाळी जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन उतरलेलं असू शकतं. थायरॉइड तपासा, साखर तपासा, बी-१२ तपासा. पाळी बंद होण्याच्या आधीच्या काही वर्षांत रात्री घाम येऊन जाग येते, ते तुम्हाला होतंय का ते लक्षात घ्या. आणि घरच्यांना एक प्रश्न नक्की विचारा, मी घोरते का? घोरणं, मध्येच श्वास अडकणं, सकाळचा थकवा आणि रक्तदाब ही चौकडी एकत्र असेल तर झोपेत श्वास थांबण्याचा आजार असू शकतो. बायकांमध्ये तो सहज नजरेतून सुटतो, कारण घोरतो तो पुरुष अशी आपल्याकडे समजूत आहे. या आजारावर अश्वगंधा काही करू शकत नाही.

बी-१२ बद्दल थोडं जास्त सांगते, कारण हा खास आपला प्रश्न आहे. पुण्यातल्या मध्यमवयीन पुरुषांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं होतं. शाकाहारी घर, वाटीभर पातळ ताक, वर मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, एवढं जुळून आलं की पातळी घसरते. कमतरता खरोखर असेल तर बी-१२ ची साधी स्वस्त गोळी किंवा इंजेक्शन हे उत्तम काम करतं. मी रुग्णांना मनापासून लिहून देते अशा मोजक्या पूरक गोळ्यांपैकी ती एक आहे. फक्त पाकीट उलटून वाचा. आपल्याकडे ‘नसांची गोळी’ म्हणून मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२, याच्याबरोबर प्रीगाबॅलिन असलेल्या गोळ्या सर्रास वापरात आहेत. प्रीगाबॅलिन हे मज्जातंतूच्या दुखण्यावरचं खरं औषध आहे, त्याने गुंगी येते, तोल जातो, आणि ते एकदम बंदही करू नये. लोक मात्र ते व्हिटॅमिन समजून वर्षानुवर्षं घेत राहतात.

ड जीवनसत्त्वाचंही तसंच. ६०,००० युनिटची गोळी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. ती रोज घेतली की रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठता, गोंधळलेपणा सुरू होतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एक’ लिहिलेलं असतं, घरात गोळ्यांच्या डब्यात ती रोजच्या गोळ्यांच्या रांगेत जाऊन बसते, आणि पुढे सगळं त्यातून घडतं. एक वार ठरवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

आता तुमच्या तीन कॅप्सूल.

हळद आपल्या फोडणीत रोज पडते आणि तिने कुणाचं काही बिघडत नाही. वर्ध्याजवळच्या वायगावची हळद असो की सांगलीच्या बाजारातली, तिच्यात कर्क्युमिन (हळदीतला गुणकारी मानला जाणारा घटक) वजनाच्या काही टक्केच असतं आणि तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. कॅप्सूल बनवणारे नेमकं हेच बदलतात. कर्क्युमिन वेगळं काढून कित्येक पटींनी जास्त देतात आणि त्यात मिऱ्यातलं पायपरिन मिसळतात. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं होतं की पायपरिनमुळे माणसाच्या शरीरात कर्क्युमिनचं शोषण वीसपटीने वाढतं. जाहिरातीत हा आकडा अभिमानाने छापतात. पण पायपरिन शोषण वाढवतं ते यकृताचं आणि आतड्याचं पदार्थ निकामी करण्याचं काम मंदावून, आणि हा मंदपणा इतर औषधांनाही लागू पडतो. इटली, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया इथून अशा जास्त शोषणाच्या हळद-कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याचे रुग्ण नोंदवले गेले आहेत. हे क्वचित घडतं हे खरं. पण मान आखडली म्हणून तो धोका का घ्यायचा? गुडघ्याच्या झिजेत कर्क्युमिनने दुखणं थोडं कमी होतं असे काही अभ्यास आहेत. तुमच्या तक्रारीत गुडघा नाहीच.

गुळवेल करोनाच्या काळात घरोघरी पोहोचली. कुंपणावरचा वेल तोडून काढा करणारेही मी पाहिले. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, पुढे देशातल्या इतर शहरांतूनही तसे रुग्ण पुढे आले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारखाच दिसणारा दुसरा वेल वापरला गेला असेल असंही म्हटलं. तो वाद तज्ज्ञांचा. मला रुग्णापुढे बसून एवढंच दिसतं की ज्यांना आधीच थायरॉइडचा किंवा यकृताचा, शरीर स्वतःवरच उलटतं अशा प्रकारचा आजार आहे, त्यांनी प्रतिकारशक्ती चाळवणारं काही रोज घेणं शहाणपणाचं नाही. आणि असा आजार आपल्याला आहे हे अनेक बायकांना ठाऊकच नसतं.

अश्वगंधेबद्दल मी इतकी कठोर नाही. झोप आणि ताण यावर तिचा थोडा उपयोग होतो असं दाखवणारे अभ्यास आहेत, पण ते लहान आहेत आणि बहुतेक आठ ते बारा आठवड्यांचे. वर्षानुवर्षं घेतल्यावर काय होतं हे त्यांतून कळत नाही. तिने थायरॉइडचे हार्मोन वाढू शकतात, रक्तदाब आणि साखर उतरू शकते, गुंगीच्या औषधांचा परिणाम वाढू शकतो, आणि यकृताच्या इजेचे रुग्ण तिच्याही बाबतीत नोंदले गेलेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. घ्यायचीच असेल तर चांगल्या वैद्यांकडे जाऊन, चालू औषधं सांगून, ठरावीक मुदतीसाठी घ्या. वैद्य प्रकृती बघतात, अनुपान म्हणजे औषध कशाबरोबर घ्यायचं ते सांगतात, कधी थांबायचं ते सांगतात. ऑनलाइन दुकान यातलं काही करत नाही, आणि ज्या आयुर्वेदाच्या नावावर ते विकतं त्यातलाही वैद्य तेवढा वगळतं. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तुम्हाला रक्तदाब आहे म्हणून आणखी एक. घसा खवखवतो म्हणून ज्येष्ठमधाची काडी चघळायची सवय असेल तर ती रोजची ठेवू नका. ज्येष्ठमधाने शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. गोळी बदलूनही रक्तदाब ऐकत नाही अशा माणसाला मी हे आवर्जून विचारते, कारण चहाच्या मसाल्यात, काढ्यात, खोकल्याच्या गोळीत, कुठेही ज्येष्ठमध असतं. त्याचप्रमाणे केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं. त्याने थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या तपासणीतले रक्ताचे आकडे चुकीचे येऊ शकतात. तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा.

सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांबद्दल न सांगता पुढे जाता येत नाही. जत्रेत, बसस्टँडजवळ, कुणाच्या तरी ‘गावच्या बाबां’कडून त्या येतात. दोन दिवसांत दुखणं पळून जातं, भूक लागते, उत्साह येतो. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर वाढते, त्वचेवर जरा लागलं की निळं पडतं. पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. इतका झटपट आणि इतका पूर्ण आराम जडीबुटीने मिळत नाही. कुणी अशी पुडी बरेच महिने घेत असेल तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नाही, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. पुडी घेऊनच डॉक्टरकडे जायचं.

डब्यावर काय वाचायचं हे अनेकांना माहीत नसतं. आयुर्वेदिक औषध असेल तर त्यावर औषध उत्पादनाच्या परवान्याचा क्रमांक असतो. खाद्य पूरक असेल तर १४ अंकी खाद्य परवाना क्रमांक असतो आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळही असते. ती ओळ असलेल्या डब्यावर विक्रेता तोंडी आजार बरा करण्याची हमी देत असेल, तर त्याच्याच डब्याने त्याला खोटं पाडलेलं असतं. भस्मं आणि रसकल्प, म्हणजे धातू किंवा पारा वापरून केलेली औषधं, तर वैद्यांशिवाय कधीच घेऊ नका. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. परदेशी राहणाऱ्या मुलाला डबे पाठवणाऱ्या आई-वडिलांनी हे ध्यानात ठेवावं.

आता सुई. अ‍ॅक्युपंक्चर आणि सोलापूर यांचं एक जुनं नातं आहे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात आमच्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. भारतात अ‍ॅक्युपंक्चर रुजलं ते तिथून. आज महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र कायदा आहे, नोंदणी करणारी परिषद आहे, आणि केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आहे. म्हणून पहिला प्रश्न सरळ विचारा, तुमची नोंदणी आहे का? नोंदणी असलेल्याला हा प्रश्न कधीच टोचत नाही.

उपयोग किती होतो, याचं उत्तर मी जसं आहे तसं देते. जर्मनीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कंबरदुखीच्या मोठ्या चाचणीत ११६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ४७.६ टक्के लोकांना फरक पडला. मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के लोकांना पडला. औषधं आणि व्यायाम या नेहमीच्या उपचाराने २७.४ टक्के लोकांना. म्हणजे सुई टोचणं नेहमीच्या उपचारापेक्षा बरंच सरस ठरलं, पण नेमक्या बिंदूवर टोचण्याचा फायदा चुकीच्या बिंदूपेक्षा जेमतेमच निघाला. हा निकाल वाचून कुणी म्हणतं सगळा मनाचा खेळ, कुणी म्हणतं बघा सिद्ध झालं. नंतर वीस हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र करून बघितली तेव्हा खऱ्या सुईला थोडी, पण ठोस आघाडी दिसली, आणि मिळालेला आराम वर्षभराने बराचसा टिकलेला होता. मार्गदर्शक सूचनाही एकमेकींशी जुळत नाहीत. अमेरिकेतल्या फिजिशियनांची संघटना कंबरदुखीत सुरुवातीलाच अ‍ॅक्युपंक्चर आणि मालिश सुचवते, ब्रिटनची संस्था कंबरेसाठी नको म्हणते आणि दीर्घकाळच्या काही दुखण्यांसाठी चालेल म्हणते.

माझं मत असं बनलं आहे: आखडलेली मान, अर्धशिशी, ताणाची डोकेदुखी, जुनी कंबरदुखी आणि मळमळ यांत अ‍ॅक्युपंक्चर करून बघण्यासारखं आहे. मधुमेह उतरवणं, मूत्रपिंड सुधारणं, कमी ऐकू येणं बरं करणं, हे दावे करणाऱ्याच्या दारातून परत फिरा. ‘चालू गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्याच्या दारातून तर लगेच.

तुम्हाला वाटणाऱ्या भीतीबद्दल. ही सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते. ती साधारण पाव मिलिमीटर जाडीची, भरीव असते. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं आणि मग त्या जागी एक जडपणा, झिणझिणी किंवा ओढ जाणवते. चिनी परंपरा त्याला ‘डे ची’ म्हणते आणि तो आला की सुई लागली असं मानते. झोपून घ्यायचं, बसून नाही, कारण पहिल्या वेळी काहींना घेरी येते. उपाशीपोटी जायचं नाही. सुया तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांगा आणि वापरून झाल्यावर त्या फेकल्या जातायत ना ते बघा. रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर, गरोदरपण यातलं काही असेल तर आधी सांगायचं. मान-खांद्याच्या दुखण्यात एक धोका मात्र खरा आहे. खांद्याच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडू शकतं. ते फार दुर्मीळ आहे, पण सुई लावल्यानंतर काही तासांत छातीत दुखून दम लागला तर घरी वाट बघत बसायचं नाही, सरळ एक्स-रे काढायचा.

मालिशवाली लावायला माझी हरकत नाही, उलट आनंद आहे. दिवाळीच्या पहाटे वर्षातून एकदा तेल लावून घेणाऱ्यांना आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट याने अभ्यंग रोज करायला सांगितलाय याचा विसर पडला आहे. डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष करून लावावं असं त्याने म्हटलंय, आणि अजीर्ण झालेलं असताना करू नये असंही. मान-खांद्याच्या दुखण्यात मालिशचा आराम काही दिवस ते काही आठवडे टिकतो, झोप सुधारते, आणि हात लावणारं माणूस आपुलकीने चौकशी करतं याचाही त्यात वाटा आहे. तेल तिळाचं घ्या, उन्हाळ्यात खोबरेल घ्या. तेलावरून भांडणं होतात तेवढा फरक तेलात नसतो, हातात असतो. मालिश सोसवेल इतकीच जोराची हवी. ‘दुखलं म्हणजे लागू पडलं’ ही समजूत सोडा.

काशाच्या वाटीने तळपाय घासून घेतलेत की छान झोप लागते, जरूर घ्या. तळपाय काळे पडतात ते अंगातली उष्णता बाहेर निघाली म्हणून नव्हे. काशातलं तांबं आणि कथील तेल-तुपाबरोबर घासून निघतं, त्याचा तो रंग. जास्त काळा पडला म्हणून जास्त पैसे मागणाऱ्या केंद्रांना हे माहीत असतं.

मालिश कुठे नको तेही सांगते. एकाच पोटरीला सूज, गरमपणा आणि दुखणं असेल तर तिथे रक्ताची गुठळी असू शकते, तिला चोळायचं नाही. पाय ताजा मुरगळला असेल तर पहिले दोन दिवस चोळायचं नाही. हाडं ठिसूळ झालेल्या सासूबाईंच्या पाठीवर गुडघा ठेवून दाब द्यायचा नाही. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर शेक द्यायचा नाही, भाजलेलं कळत नाही. घरात लहान मूल असेल तर कापराचं तेल त्याच्या आवाक्यात ठेवायचं नाही, कारण पोटात गेलेल्या थोड्याशा कापरानेही मुलांना झटके येतात. आणि सलूनमध्ये शेवटी मान दोन्ही बाजूंना फिरवून कडकड आवाज काढतात, ते तुम्ही करू नका आणि घरातल्या पुरुषांनाही करू देऊ नका. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांमधून जातात. अचानक पिळाने त्यांचा आतला पापुद्रा फाटतो आणि चाळिशीच्या माणसाला पक्षाघात होतो. हे क्वचित होतं, पण झालं की आयुष्य बदलतं, आणि त्या कडकड आवाजाचा फायदा शून्य असतो.

तुमच्यासाठी मी असं करेन. कॅप्सूल बंद. रक्ततपासण्या या आठवड्यात, घोरण्याची चौकशी आजच रात्री. संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणा, कोपर टेबलावर टेकेल अशी खुर्ची घ्या, आणि अर्ध्या तासाने उठून खांदे फिरवा, कारण आठ तास मान पुढे घालून बसल्यावर संध्याकाळची कोणतीही सुई ते रोज भरून काढू शकणार नाही. आठवड्यातून एकदा मालिश. अ‍ॅक्युपंक्चर आठवड्यातून एक-दोनदा, असं सहा वेळा घेऊन बघा. पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत गाडी मागे घेताना मान वळण्यात, झोपेत किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या संख्येत फरक दिसला नाही तर थांबा. बारा-पंधरा बैठकींचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घेऊ नका. तोच पैसा फिजिओथेरपिस्टकडे मान-खांद्याचे व्यायाम शिकण्यात घाला, तो फायदा तुमच्या हातात राहतो.

आणि हाताला मुंग्या येऊन पकड सैल पडत असेल, ब्लाउजची बटणं लावताना बोटं अडखळत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर यातलं काहीच सुरू करू नका. आधी मानेचा एमआरआय आणि मेंदू-मणक्याच्या डॉक्टरांची भेट, मालिश आणि सुया त्यानंतर.